कॅन (वाहननिदान)
मोटारीतील नियंत्रक-संगणकांना पीळ दिलेल्या दोन तारांवरून जोडणारा प्रोटोकॉल. जर्मनीच्या बॉश कंपनीने तो १९८६ मध्ये जाहीर केला. मूळ कॅनच्या एका संदेशात जेमतेम ८ बाइट माहिती मावते. दोन संदेश एकदम निघाले, तर लहान ओळखक्रमांकाचा पुढे जातो, दुसरा थांबतो. टक्कर होतच नाही. ही युक्ती हेच त्याचे खरे वैभव. निदानासाठी मेकॅनिक डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. कॅनच्या तारा ६ व १४ क्रमांकांच्या पिनांवर येतात. पी०३०१ हा दोषसंकेत पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दाखवतो; प्लगच खराब, असे मात्र त्यावरून ठरत नाही. अमेरिकेत २००८ च्या मॉडेलांपासून निदानासाठी कॅन सक्तीचा आहे. मोठे सॉफ्टवेअर भरण्यास त्याचा वेग अपुरा पडतो. अशा कामासाठी इथरनेटवर चालणारा डीओआयपी हा प्रोटोकॉल वापरतात.