सुप्याचा बाजार आणि कर्जाचा कागद

मागच्या वेळी आपण ‘कायदेशीर’ आणि ‘न्याय्य’ या दोन शब्दांपाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न घेऊन पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला जाऊ. १२ मे १८७५. शेतकरी सावकारांच्या घरादुकानांवर चालून गेले. लूट झाली, पण दंगल गावोगाव पसरली तेव्हा लोकांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे मिळाले की जाळायचे.

कागदावरच राग का? १८५५ साली व्याजाची कायदेशीर मर्यादा उठली. मग १८५९चा मुदतीचा कायदा आला: दावा तीन वर्षांत लावा. हेतू कुळाच्या भल्याचा, पण घडलं उलटं. मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेई. आपल्याकडे दामदुपटीचा नियम होता, थकलेलं व्याज मुद्दलापलीकडे मागायचं नाही. पण व्याजच मुद्दल झाल्यावर नियमाला धरायला उरलं काय? निरक्षर कुळानं निशाणी केली, म्हणजे त्याची संमती झाली का?

१८७९च्या दख्खन शेतकरी कायद्यानं न्यायाधीशाला रोख्यामागचा व्यवहार मुळापासून तपासायला सांगितलं. कर्जापायी तुरुंगही बंद झाला. तेव्हा काही सावकार रोख्याऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखतच मागू लागले.

कायद्यानं एक वाट बुजवली की लोभ दुसरी शोधतो. म्हणून व्यापारी कायदा शिकताना नीतीचा प्रश्न आपल्याला बाजूला ठेवता येत नाही. पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू.