गोड्या पाण्याच्या लाटा आणि रबरी अंगरखा

श्रोतेहो, तळे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? काठावरचा वड, दगडी पायऱ्या आणि पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी. अशा तळ्यात लाटा उसळतात आणि माणसे फळीवर उभी राहून त्या लाटांवर स्वार होतात, असे कोणी सांगितले, तर आपण म्हणू, "काहीतरीच काय!" पण उत्तर अमेरिकेत पाच महासरोवरे आहेत. त्यांतले एकटे सुपीरियर सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठे. एवढ्या पाण्यावरून वादळ सुटले की लाटा समुद्रासारख्याच उठतात. १० नोव्हेंबर १९७५ रोजी याच सरोवरात 'एडमंड फिट्झगेराल्ड' हे प्रचंड मालवाहू जहाज २९ माणसांसह बुडाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तेव्हा लाटांची वाण नाही. अडचण आहे ती थंडीची. उन्हाळ्यात पाणी बरे असते, पण वारा मंद, लाटा लहान. मोठी वादळे येतात ती शरदात आणि हिवाळ्यात, जेव्हा पाण्यात बोट घालवत नाही. शिवाय हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून नेते. मग माणसाने तिथे उतरायचे कसे?

या प्रश्नाचे उत्तर सरोवराच्या काठी नव्हे, तर प्रयोगशाळेत सापडले. १९३० साली अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर तयार केले. पुढे १९५१च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे संशोधक ह्यू ब्रॅडनर हे पाण्याखाली काम करणाऱ्या नौसैनिकांसाठी पोशाखाचा विचार करीत होते. तोवर सगळ्यांची समजूत अशी, की ऊब हवी तर अंग कोरडे राहिले पाहिजे. ब्रॅडनर यांनी ही समजूतच बाजूला सारली. अंग भिजले तर भिजू द्या, ऊब धरून ठेवील ती कापडात कोंडलेली हवा!

हे आपल्या धनगराला सांगायला नको. त्याचे घोंगडे पावसात ओलावते, तरी ऊब देते. कारण लोकरीच्या केसांत हवा अडकलेली असते. ब्रॅडनर यांनी निवडलेले रबरही फेसाळ होते. त्यात वायूचे असंख्य बारीक, बंद बुडबुडे असतात. पोशाखात शिरलेले थोडेसे पाणी अंगाच्या उबेने तापते हे खरे. पण थंडीला खरा बांध घालतात ते हे बुडबुडे. ब्रॅडनर यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे जॅक ओनील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील माइस्ट्रेल बंधू यांनी पुढे असे पोशाख लाटास्वारांपर्यंत पोहोचवले. सरोवराकाठच्या लोकांना तर ते वरदानच ठरले.

आता निवड कशी करायची? पोशाखाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. छाती-पाठीला जाड, हातापायांना पातळ. ऑगस्टमध्ये दक्षिण मिशिगन सरोवराचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर जाते. तेव्हा दोन-तीन मिलिमीटर पुरते. पाणी पंधरा अंशांवर आले की चार-तीन, दहाच्या आसपास पाच-चार आणि पायांत रबरी बूट. पाच अंशांच्या खाली मात्र सहा मिलिमीटर, हातमोजे आणि डोक्याला टोपडे, सगळेच लागते. पोशाख अंगाला घट्ट हवा. सैल असला तर दर लाटेबरोबर आतले कोमट पाणी बाहेर आणि गार पाणी आत!

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: पोशाख पाणी पाहून निवडायचा, ऊन पाहून नव्हे. मोठे सरोवर सावकाश तापते आणि सावकाश निवते. मे महिन्यात काठावर छान ऊन पडलेले असते, पण पाणी हिवाळा विसरलेले नसते. अशा पाण्यात नुसत्या कपड्यांनिशी उडी घेतली, की छाती एकदम आवळते, धाप लागते आणि त्या धापेसरशी पाणी नाकातोंडात जाते. पट्टीचा पोहणाराही अशा वेळी बुडतो. उलट ऑक्टोबरात हवा बोचरी झाली, तरी पाण्यात उन्हाळ्याची थोडी ऊब शिल्लक असते.

शिक्षकबंधूंनो, हे मुलांना समजावायला सरोवर नको. एक रबरी चप्पल पाण्यात टाका, ती तरंगेल. का तरंगते, ते मुलांना विचारा. आतल्या बुडबुड्यांपर्यंत मुले आपण होऊन पोहोचली, की ब्रॅडनर यांची युक्ती त्यांना निम्मी कळली. उरलेली निम्मी घोंगड्याशी कळेल. आणि गावच्या विहिरीत उडी मारण्याआधी पाण्यात हात घालून पाहावा, एवढे जरी त्यांतून एखाद्याने उचलले, तरी तासाचे चीज झाले.