पेलोरिन्यो

१. पेलोरिन्यो : ब्राझीलमधील साल्व्हादोर शहराचा टेकडीवरचा जुना भाग. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘शिक्षेचा खांब’. गुलामांना इथे चारचौघांत फटके मारत, त्यावरून हे नाव. १५४९ साली वसलेले साल्व्हादोर १७६३पर्यंत पोर्तुगीज वसाहतीची राजधानी होते. आतून सोन्याच्या वर्खाने मढवलेले संत फ्रान्सिसचे चर्च आणि कृष्णवर्णीयांच्या धर्मबंधुसंघाने स्वतःसाठी उभारलेले रोझरी मातेचे निळे चर्च, दोन्ही याच वस्तीत. मूळ मजकुरात लेखक ज्या ‘पाळण्या’तून खाली बंदराकडे उतरतात, ती १८७३मध्ये सुरू झालेली लासेर्दा लिफ्ट. जुन्या गोव्यातला ‘हातकातरो खांब’ हाही असाच पोर्तुगीज शिक्षास्तंभ मानला जातो. — संपा.