तळ्याकाठची दुनळी : बदकांच्या शिकारीतील चोक, छर्रा आणि कायदा

पावसाळा सरून हरभऱ्याचे पीक वर येऊ लागले की बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील जलाशयांवर उत्तरेकडील पाहुणे उतरू लागतात. मांजरा नदीचे पात्र, भालकी तालुक्यातील कारंजा जलाशय, आळंद तालुक्यातील अमरजा आणि गावोगावची जुनी तळी यांवर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, भुवई बदक आणि चक्रांग दिसतात. हिमालय ओलांडून पट्टकादंबही येतात. हळदी-कुंकू बदक आणि अडई ही मंडळी तर बारमाही येथलीच. गोव्यात करमळीच्या तळ्यावर थंडीत दिसणारा मेळा याच कुळाचा आहे.

हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. संस्थानी काळात बदकांची शिकार हा जहागीरदार, अधिकारी आणि सधन घराण्यांचा हिवाळी छंद होता. त्या काळातील दुनळी बाराबोर बंदुका सीमाभागातील काही मराठी घरांत आजही परवान्यानिशी आहेत. नळीवर कोरलेल्या खुणांचा अर्थ मात्र फारसा कोणाला उरलेला नाही. तो समजून घेतला की जुने शिकारी बंदूक आणि काडतूस कशाच्या आधारे निवडत हे कळते. ही शिकार थांबणे का आवश्यक होते, हेही त्यातच उमगते.

चोक म्हणजे काय

छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. बाराबोरच्या नळीचा आतील व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. नळीच्या तोंडाशी हा व्यास किंचित आवळलेला असतो, त्या आवळण्याला चोक म्हणतात. पाण्याच्या नळीचे तोंड बोटाने दाबले तर धार लांब जाते, तद्वत चोकमुळे छऱ्यांचा झोत अधिक अंतरापर्यंत एकत्र राहतो. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या विल्यम पेप या बंदूककाराने १८६६ साली या रचनेचे पेटंट घेतले आणि पुढच्या दशकात विल्यम ग्रीनर याने ती लोकप्रिय केली.

इंग्रजी पद्धतीत पूर्ण चोक म्हणजे इंचाच्या हजार भागांपैकी ४० भाग, सुमारे एक मिलिमीटर आवळ. पाऊण चोक ३०, अर्धा २० आणि पाव चोक १० भागांचा असतो. आवळ नसलेल्या नळीला सिलिंडर म्हणतात. नळीची पारख ४० यार्डांवर, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरवर, ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडतात यावरून होते. सिलिंडर नळीतून शेकडा ४०, पाव चोकमधून ५५, अर्ध्यातून ६०, पाऊण चोकमधून ६५ आणि पूर्ण चोकमधून शेकडा ७० छर्रे त्या वर्तुळात येतात, असे मान धरले जाते.

दुनळीत बहुधा उजवी नळी मोकळी आणि डावी अधिक आवळलेली असे. तळ्याकाठून चालताना पक्षी उठला की तो जवळ असतो, म्हणून पहिला चाप मोकळ्या नळीचा. दुसरा चाप ओढेपर्यंत पक्षी दूर गेलेला असतो, म्हणून ती नळी घट्ट. पहाटे किंवा तिन्हीसांजेला तळ्यावर उतरणाऱ्या बदकांसाठी आडोशाला बसणारा शिकारी पाव किंवा अर्धा चोक पुरेसा मानी. जवळच्या पक्ष्यावर पूर्ण चोक वापरला तर एक तर झोत चुकून निघून जाई, नाही तर पक्ष्याची चाळण होई.

छऱ्याचे गणित

इंग्रजी मोजमापात छऱ्याचा क्रमांक वाढतो तसा छर्रा बारीक होतो. एका औंसात, म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास, ६ क्रमांकाचे २७०, ५ क्रमांकाचे २२० आणि ४ क्रमांकाचे १७० छर्रे बसतात. बीबी या जाड छऱ्याचे मात्र अवघे ७०. अडीच इंची बाराबोर काडतुसात साधारण ३० ग्रॅम शिसे भरले जाई. त्यात ६ क्रमांकाचे २८७, ४ क्रमांकाचे सुमारे १८० आणि बीबीचे ७४ छर्रे मावत.

चक्रांग, भुवई बदक अशा लहान पक्ष्यांसाठी ६ क्रमांक, तलवार बदक आणि हळदी-कुंकू बदकासाठी ५ किंवा ४, तर पट्टकादंबासाठी त्याहून जाड छर्रा, असा सर्वसाधारण प्रघात होता. मोठ्या पक्ष्याची पिसे दाट आणि हाडे बळकट असल्याने आत शिरण्यासाठी जड छर्रा लागतो. पण छर्रा जड घेतला की संख्या घटते. ६ क्रमांक आणि अर्धा चोक घेतला तर ४० यार्डांवर वर्तुळात सुमारे १७० छर्रे येतात, म्हणजे सरासरी पाच सेंटिमीटर बाजूच्या चौरसात एक. ४ क्रमांक आणि पूर्ण चोक घेतला तर सहा सेंटिमीटरच्या चौरसात एक. बीबी आणि पूर्ण चोक घेतला तर नऊ सेंटिमीटरहून मोठ्या चौरसात एक.

या आकड्यांतच शिकारीची मर्यादा दडलेली आहे. जाड छर्रा लांबवर जोर टिकवतो, पण झोत इतका विरळ होतो की पक्ष्याच्या मर्मस्थानी एकही छर्रा न लागण्याचा संभव वाढतो. बारीक छर्रा दाट पडतो, पण दूरवर त्याचा जोर ओसरतो. म्हणूनच ४० यार्डांपलीकडे चाप ओढू नये, हा जुन्या शिकाऱ्यांचा दंडक होता. पाण्यावर अंतराचा अंदाज हमखास चुकतो. दंडक मोडला की पक्षी मरत नसे, तर एक-दोन छर्रे घेऊन पाणवनस्पतींत दिसेनासा होई. शिकारीच्या नोंदवहीत अशा जखमी पक्ष्यांची गणती क्वचितच होत असे.

पाण्यात राहिलेले शिसे

दुसरा हिशेब न लागलेल्या छऱ्यांचा. २५ काडतुसांच्या एका पेटीत ६ क्रमांकाचे सात हजारांहून अधिक छर्रे आणि पाऊण किलो शिसे असते. त्यातील मूठभर पक्ष्यांना लागतात, उरलेले तळ्याच्या गाळात जातात. बदके अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात आणि खडा समजून छर्राही गिळतात. पेषणीत तो झिजत जातो, शिसे रक्तात उतरते, पंख लुळे पडतात आणि पक्षी उपासमारीने मरतो. उत्तर अमेरिकेत दरवर्षी शेकडा दोन ते तीन पाणपक्षी या विषबाधेने मरत असावेत, असा अंदाज फ्रँक बेलरोज या शास्त्रज्ञाने १९५९ साली मांडला होता.

अमेरिकेने १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छऱ्यावर देशभर बंदी घातली. युरोपीय संघाने २०२३ पासून पाणथळ जागी तो निषिद्ध केला. पर्याय म्हणून पोलादी छर्रा आला. पोलाद शिशापेक्षा बरेच हलके असल्याने तेथे दोन क्रमांक जाड छर्रा घ्यावा लागतो. तो कठीणही असल्याने चोक मोकळा ठेवावा लागतो. जुन्या, पूर्ण चोकच्या नळीत पोलादी छर्रा वापरल्यास नळी फुगण्याची भीती असते.

भारतातील आजची स्थिती

भारताने निराळा मार्ग घेतला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आरंभी परवाना घेऊन काही शिकारीला मुभा होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती दारे बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, या कायद्याच्या भंगाला सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याची किंवा अभयारण्यातील शिकार असेल तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास व किमान २५ हजार रुपये दंड होतो.

येथे सीमाभागातील शेतकऱ्यांची एक गैरसमजूत दूर करणे आवश्यक आहे. पट्टकादंबांचे थवे हरभऱ्याच्या कोवळ्या पिकावर चरतात, तेव्हा पीकसंरक्षणाच्या बंदुकीने त्यांना टिपण्यास हरकत नसावी, असे काहींना वाटते. शस्त्रपरवाना बंदूक बाळगण्याची अनुमती देतो, वन्य पक्षी मारण्याची नव्हे. पिकाची हानी होत असली तरी वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश असल्याखेरीज कोणताही संरक्षित पक्षी मारता येत नाही. थवा उठवण्यासाठी राखण, डबे वाजवणे आणि बुजगावणी हेच मार्ग उरतात.

वारशाने आलेली बंदूक असेल तर वारसाने स्वतःच्या नावे परवाना घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. नेमबाजीच्या मैदानावर चोकचे शास्त्र आजही जिवंत आहे. ट्रॅप प्रकारात तबकडी दूर जात असल्याने घट्ट चोक, तर स्कीटमध्ये ती जवळून जात असल्याने मोकळी नळी निवडतात. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे रौप्यपदक जिंकले ते याच जातीच्या बंदुकीने.

निजामाच्या मुलखातील पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. दुर्बीण घेऊन तळ्याकाठी बसणाऱ्यालाही जुन्या शिकाऱ्याप्रमाणेच पहाटे आडोसा शोधावा लागतो, वाऱ्याची दिशा पाहावी लागते आणि पंखांच्या लयीवरून जात ओळखावी लागते. त्याच्यामागे गाळात शिसे मात्र राहत नाही.