कांचेंतील कॅमेलिया आणि पेल्यांतील चहा

मलकापुरासारख्या गांवीं, जेथें वैशाखांत पत्र्याखालीं घटकाभर बसवत नाहीं, तेथें झुडपास ऊब मिळावी म्हणून कोणी कांचेचें घर बांधील ही कल्पनाच हास्यास्पद वाटेल. येथें रोपाला हवी ती सावली. अठराव्या शतकांतील इंग्लंडांत मात्र भीति होती ती गारठ्याची. चीन-जपानकडील कॅमेलिया हें सदाहरित झुडूप ऐन थंडींत फुलतें. त्यामुळें तें जगविणें हा तेथील धनिकांचा छंदच होऊन बसला. मनिला येथें वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या कामेल नामक जेझुइट धर्मबंधूवरून लिनीअसनें त्याला हें नांव दिलें.

आरंभीं या पाहुण्याचा छळच झाला. एसेक्स परगण्यांतील लॉर्ड पीटर यांनीं १७३९ च्या सुमारास तो लावला आणि थंडी बाधूं नये म्हणून तापविलेल्या कांचगृहांत ठेवला. त्या उष्णतेनेंच तो मेला, असें सांगतात. अतिप्रेमानें मारणें तें हेंच! पुढें माळ्यांस उमगलें कीं त्याला आंच नको, आडोसा हवा. चिझिक येथें ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनीं १८१३ सालीं बांधविलेलें कांचगृह सुमारें ३०० फूट लांब आहे, व कॅमेलियांसाठीं तें आजहि प्रसिद्ध आहे. १८४५ त कांचेवरील कर उठला, तेव्हां मध्यम वर्गासहि असा शौक परवडूं लागला.

याच कॅमेलियाचें सख्खें भावंड म्हणजे चहा. लिनीअसनें १७५३ त दोघांना निरनिराळ्या घराण्यांत घातलें होतें. आज शास्त्रज्ञ त्यांस एकाच प्रजातींत गणतात. आणि चहाचेंहि कांचेवांचून चाललें नाहीं. १८२९ सालीं लंडनच्या डॉ. वॉर्ड यांच्या बंद बाटलींत, पतंगाचा कोश ठेवलेल्या ओलसर मातींत, एक नेचा आपोआप उगवला. त्यावरून निघालेल्या बंद कांचपेट्यांतून १८३३ त सिडनीपर्यंत रोपें जिवंत पोंचलीं. अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून यानें १८४८ ते १८५१ च्या दरम्यान चिनी चहाचीं हजारों रोपें हिंदुस्थानांत आणलीं. छंदाची कांच अशी व्यापाराच्या कामीं आली; ज्यांच्या मालावर आपण डल्ला मारतों आहों त्या चिनी बागवानांस विचारण्याची गरज मात्र कंपनी सरकारास वाटली नाहीं.

१८६७ सालीं नागपुरास पोंचलेल्या रेल्वेवर मलकापूर हें स्टेशन आहे. वऱ्हाडचा कापूस या मार्गानें मुंबईस गेला, आणि पुढें चहाहि घराघरांत शिरला. पण त्या पेल्यांतील काळाभोर चहा बहुतेक फॉर्च्यूनच्या रोपांचा नव्हे, तर आसामी जातीचा. ती जात आसामच्या रानांतलीच. तेथील सिंगफो लोक तिचीं पानें इंग्रज येण्यापूर्वींपासून उकळून पीत होते.