पोलादी पडद्याची उभारणी : पिट्सबर्ग स्टीलर्स संघाची बचावफळी आणि खेळाडू-निवड पद्धती (१९६९ ते १९७६)

सारांश

अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये ‘ड्राफ्ट’ या नावाने ओळखली जाणारी खेळाडू-निवड पद्धती १९३६ पासून अस्तित्वात आहे. दुर्बल संघास प्रथम निवडीचा अधिकार देऊन स्पर्धेत समतोल राखणे हा तिचा उद्देश होता. प्रस्तुत शोधनिबंधात पिट्सबर्ग स्टीलर्स या संघाने १९६९ नंतर या पद्धतीच्या आधारे बचावफळीची पुनर्बांधणी कशी केली, याचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. निवडीचा अग्रक्रम हे या यशाचे एक कारण होते. परंतु वर्णभेदामुळे दुर्लक्षित राहिलेल्या महाविद्यालयांतील गुणवत्तेचा शोध हे त्याहून महत्त्वाचे कारण होते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : अमेरिकन फुटबॉल, खेळाडू-निवड, बचावफळी, कृष्णवर्णीयांची महाविद्यालये, वर्णभेद, क्रीडा इतिहास.

प्रस्तावना

क्रीडा हा समाजजीवनाचा आरसा मानला जातो. एखाद्या संघाच्या जय-पराजयाच्या इतिहासात त्या समाजातील संधीचे वाटप, श्रमाचे मोल आणि भेदभावाच्या रेषाही उमटलेल्या असतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग या पोलाद उद्योगाच्या शहरातील स्टीलर्स संघाचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

अमेरिकन फुटबॉल हा भारतात परिचित असलेल्या फुटबॉलहून वेगळा खेळ आहे. यात चेंडू प्रामुख्याने हातात घेऊन धावत किंवा फेकून पुढे नेला जातो. चार प्रयत्नांत दहा यार्ड अंतर पार करणे चढाई करणाऱ्या संघास आवश्यक असते. प्रत्येक संघात चढाईसाठी अकरा व बचावासाठी अकरा असे दोन स्वतंत्र गट असतात. बचावफळीत सर्वसाधारणपणे पुढे चार धिप्पाड खेळाडू, त्यांच्यामागे तीन ‘लाइनबॅकर’ आणि सर्वांत मागे चार रक्षक अशी रचना असे. स्टीलर्सच्या याच फळीला सत्तरच्या दशकात ‘स्टील कर्टन’ म्हणजे ‘पोलादी पडदा’ हे नाव मिळाले. शीतयुद्धकालीन राजकीय संज्ञा आणि शहराचा पोलाद उद्योग या दोहोंचा संदर्भ त्या नावात होता.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) खेळाडू-निवड पद्धतीचा उगम व हेतू समजून घेणे.
२) १९६९ ते १९७४ या काळातील स्टीलर्सच्या निवडींचे विश्लेषण करणे.
३) या निवडींमागील सामाजिक परिस्थितीचा शोध घेणे.
४) या पद्धतीच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो निवड याद्या, हंगामनिहाय निकाल व प्रकाशित माहिती या दुय्यम साधनांवर आधारलेला आहे.

निवड पद्धतीचा उगम व स्वरूप

१९३५ पर्यंत महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेला खेळाडू कोणत्याही व्यावसायिक संघाशी करार करू शकत असे. साहजिकच श्रीमंत व यशस्वी संघांकडे गुणवान खेळाडूंचा ओघ राही. फिलाडेल्फिया ईगल्स या दुर्बल संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ मध्ये एक प्रस्ताव मांडला. सर्व खेळाडूंची एकत्रित यादी करावी आणि मागील हंगामात तळाशी राहिलेल्या संघाने त्यातून प्रथम निवड करावी, असे त्याचे स्वरूप होते. त्यानुसार ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फिया येथे पहिली निवड झाली. पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वँगर मात्र व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही.

भारतीय वाचकांस परिचित असलेल्या इंडियन प्रीमियर लीगच्या लिलावाशी या पद्धतीची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. लिलावात सर्वाधिक बोली लावणाऱ्यास खेळाडू मिळतो. निवड पद्धतीत मात्र पैशाऐवजी क्रम निर्णायक ठरतो. निवड झालेल्या खेळाडूस अन्य संघाशी वाटाघाटी करण्याची मुभा नसते. १९६७ ते १९७६ या काळात या निवडीच्या सतरा फेऱ्या होत असत. १९९४ पासून त्या सात आहेत.

१९६९ पूर्वीचा स्टीलर्स संघ

आर्ट रूनी यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या या संघास १९६८ अखेरपर्यंत एकही विजेतेपद मिळाले नव्हते. या काळात विजेतेपदाच्या बाद फेरीतील एकच सामना संघाच्या वाट्याला आला होता. १९४७ मधील त्या सामन्यात फिलाडेल्फियाने त्यांचा २१-० असा पराभव केला.

वास्तविक निवड पद्धतीचा लाभ या संघासही मिळत होता. परंतु तो पदरात पाडून घेण्याची दृष्टी संघाकडे नव्हती. १९५५ मध्ये नवव्या फेरीत निवडलेल्या जॉनी युनायटस यास एकही सामना न खेळवता वगळण्यात आले. पुढे तो बाल्टिमोरकडून या खेळातील श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक ठरला. १९५७ मध्ये पाचव्या क्रमांकाची निवड हाती असताना जिम ब्राउन यास डावलून लेन डॉसन यास घेण्यात आले. लगेच पुढच्या क्रमांकावर क्लीव्हलँडने ब्राउनला निवडले. १९५७ ते १९६४ या काळातील प्रशिक्षक बडी पार्कर यांचा ओढा तर अनुभवी खेळाडूंकडे होता. त्यांच्या मोबदल्यात भावी निवडींचे हक्क वारंवार इतर संघांना दिले गेले. थोडक्यात, समान संधी देणारी व्यवस्था तीन दशके उपलब्ध असूनही संघाची स्थिती पालटली नाही.

बचावफळीची उभारणी

१९६८ च्या हंगामात स्टीलर्सने १४ पैकी केवळ २ सामने जिंकले. जानेवारी १९६९ मध्ये चक नोल यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. त्यापूर्वी ते बाल्टिमोर कोल्ट्स संघात बचावाचे प्रशिक्षक होते. संघातील बहुतेक खेळाडूंची गुणवत्ता अपुरी असल्याचे त्यांनी सुरुवातीसच स्पष्टपणे सांगितले आणि तरुण खेळाडू निवडून त्यांना घडविण्याचे धोरण स्वीकारले.

नोल यांच्या कारकिर्दीतील पहिली निवड नॉर्थ टेक्सास स्टेट विद्यापीठाचा जो ग्रीन याची होती. ‘जो ग्रीन कोण?’ असा प्रश्न तेव्हा स्थानिक वृत्तपत्राच्या मथळ्यातून विचारला गेला. १९६९ च्या हंगामात संघाने पहिला सामना जिंकला आणि उर्वरित तेराही गमावले. तरीही रूनी कुटुंबाने प्रशिक्षक बदलला नाही. त्याच अपयशी हंगामात ग्रीन यास वर्षातील सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा सन्मान मिळाला होता, ही बाब या धोरणाची दिशा दर्शविते.

जानेवारी १९७५ मधील नवव्या सुपर बोल सामन्यात स्टीलर्सच्या बचावफळीत उतरलेल्या अकरा खेळाडूंचा तपशील पुढील तक्त्यात दिला आहे.

तक्ता क्र. १ : बचावफळीतील खेळाडू व त्यांची निवड

| खेळाडू | वर्ष | फेरी | महाविद्यालय |
|---|---|---|---|
| अँडी रसेल | १९६३ | १६ | मिझुरी |
| जो ग्रीन | १९६९ | १ | नॉर्थ टेक्सास स्टेट |
| एल. सी. ग्रीनवुड | १९६९ | १० | आर्कान्सा ए. एम. अँड एन. |
| मेल ब्लाउंट | १९७० | ३ | सदर्न |
| जॅक हॅम | १९७१ | २ | पेन स्टेट |
| ड्वाइट व्हाइट | १९७१ | ४ | ईस्ट टेक्सास स्टेट |
| अर्नी होम्स | १९७१ | ८ | टेक्सास सदर्न |
| माइक वॅगनर | १९७१ | ११ | वेस्टर्न इलिनॉय |
| ग्लेन एडवर्ड्स | १९७१ | निवड नाही | फ्लोरिडा ए. अँड एम. |
| जे. टी. थॉमस | १९७३ | १ | फ्लोरिडा स्टेट |
| जॅक लॅम्बर्ट | १९७४ | २ | केंट स्टेट |

या तक्त्यावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, अकरा खेळाडूंपैकी एकही दुसऱ्या व्यावसायिक संघाकडून घेतलेला नव्हता. दुसरी, पहिल्या फेरीतील खेळाडू केवळ दोन होते. पाच खेळाडू आठव्या किंवा त्यानंतरच्या फेरीतील अथवा निवडीबाहेरचे होते.  तिसरी, एकट्या १९७१ या वर्षी या फळीतील पाच खेळाडू संघात दाखल झाले. त्या वर्षीचा हंगाम सहा विजय व आठ पराभव असा सामान्यच होता. उभारणीचे काम निकालपत्रकात दिसण्यापूर्वीच पूर्णत्वाकडे गेले होते.

लॅम्बर्ट याच्या निवडीतही हीच दृष्टी दिसते. मधल्या लाइनबॅकरसाठी तो सडपातळ समजला जाई. एकदा खडबडीत वाहनतळावर झालेल्या सरावात अंगात रुतलेले खडे काढत तो खेळत राहिला आणि हे दृश्य संघाच्या निरीक्षकांच्या ध्यानात राहिले, असे सांगितले जाते. १९७४ मध्ये त्यास सर्वोत्तम नवोदित बचावपटूचा आणि १९७६ मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा सन्मान मिळाला.

दुर्लक्षित महाविद्यालयांचा शोध

तक्त्यातील ग्रीनवुड, ब्लाउंट, होम्स व एडवर्ड्स हे चार खेळाडू कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांतून आले होते. १९३४ ते १९४५ या काळात राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९४६ मध्ये हे दार पुन्हा उघडले, तरी वॉशिंग्टनच्या संघाने १९६२ पर्यंत कृष्णवर्णीय खेळाडू घेतला नाही. दक्षिणेकडील मोठ्या विद्यापीठांचे संघही केवळ गोऱ्यांचे असत. त्यामुळे त्या प्रदेशातील गुणवान कृष्णवर्णीय युवक स्वतंत्र महाविद्यालयांत खेळत. व्यावसायिक संघांचे निरीक्षक तेथे क्वचितच जात.

या महाविद्यालयांचे सखोल ज्ञान असलेली व्यक्ती पिट्सबर्गमध्येच होती. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात बिल नन क्रीडा संपादक होते. या महाविद्यालयांतील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ ते दरवर्षी जाहीर करीत. आपल्याच शहरातील स्टीलर्स संघ या खेळाडूंची दखल घेत नाही, याबद्दल त्यांची नाराजी होती. ती समजल्यावर आर्ट रूनी यांचे पुत्र डॅन रूनी यांनी त्यांना संघात येण्याचे निमंत्रण दिले. १९६७ पासून नन प्रथम अर्धवेळ व पुढे पूर्णवेळ निरीक्षक म्हणून काम करू लागले. ते ज्या महाविद्यालयांत जात, तेथील प्रशिक्षकांशी त्यांचा पत्रकार म्हणून अनेक वर्षांचा स्नेह होता. इतर संघांना जी माहिती मिळत नसे, ती स्टीलर्सला अशा विश्वासाच्या नात्यातून मिळाली. १९७४ मध्ये सतरा फेऱ्यांत कोणीही न निवडलेला साउथ कॅरोलायना स्टेटचा डॉनी शेल याच मार्गाने संघात आला.

ही परिस्थिती फार काळ टिकणारी नव्हती. १९७१ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या मुख्य संघात प्रथमच कृष्णवर्णीय खेळाडू उतरले. स्टीलर्सचा जे. टी. थॉमस हा फ्लोरिडा स्टेटकडून खेळलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडूंपैकी एक होता. मोठ्या विद्यापीठांची दारे उघडल्यावर गुणवान युवक तिकडे वळले आणि सर्व संघांच्या नजरेस पडू लागले. व्यावसायिक संघांतील बंदी उठल्यानंतर आणि मोठ्या विद्यापीठांतील भेद मावळण्यापूर्वी जो अल्प कालखंड होता, त्याचा लाभ स्टीलर्सने घेतला.

उभारणीचे फलित

१९६९ मध्ये प्रतिस्पर्ध्यांनी स्टीलर्सविरुद्ध १४ सामन्यांत ४०४ गुण मिळविले होते. १९७२ मध्ये ही संख्या १७५ पर्यंत आली. १२ जानेवारी १९७५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे झालेल्या नवव्या सुपर बोलमध्ये स्टीलर्सने मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाचा १६-६ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळविले. त्या सामन्यात मिनेसोटास धावत चेंडू नेऊन केवळ १७ यार्ड मजल मारता आली. बचावफळीविरुद्ध त्यांच्या चढाईस एकही गुण मिळाला नाही. त्यांचे सहा गुण अडविलेल्या किकवर आले होते.

या फळीचा परमोत्कर्ष १९७६ मध्ये झाला. पहिल्या पाचपैकी चार सामने गमावल्यानंतर संघाने सलग नऊ सामने जिंकले. त्या नऊ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना मिळून २८ गुण मिळाले आणि पाच सामन्यांत एकही गुण मिळाला नाही. संपूर्ण हंगामात ही संख्या १३८ होती. विजेतेपद मात्र त्या वर्षी मिळाले नाही. उपान्त्य टप्प्यावर ओकलंडने स्टीलर्सला पराभूत केले. १९७४, १९७५, १९७८ व १९७९ अशा चार हंगामांत संघ विजेता ठरला. १९७८ मध्ये लीगने पाच यार्डांपलीकडे बचावपटूने चेंडू झेलणाऱ्यास अडविण्यावर निर्बंध घातले. हा नियम ब्लाउंटच्या नावाने ओळखला जाऊ लागला, यावरून त्याच्या खेळाचा दरारा लक्षात येतो.

पद्धतीची दुसरी बाजू

या यशाचा विचार करताना निवड पद्धतीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न टाळता येत नाही. खेळाडूस आपला संघ निवडण्याचा अधिकार नव्हता. करार संपल्यावरही १९६३ च्या एका नियमामुळे त्यास सहज दुसरीकडे जाता येत नसे, कारण त्यास घेणाऱ्या संघाला मूळ संघास भरपाई द्यावी लागे. १९७६ मध्ये न्यायालयांनी हा नियम आणि त्या वेळच्या स्वरूपातील निवड पद्धती, दोन्ही मक्तेदारीविरोधी कायद्याशी विसंगत ठरविल्या. १९७७ मध्ये खेळाडूंच्या संघटनेशी झालेल्या करारानंतर निवड पद्धतीस संमतीचा आधार मिळाला. करारमुक्त खेळाडूंना व्यापक संचारस्वातंत्र्य १९९३ मध्ये लाभले. म्हणजेच स्टीलर्सची फळी वर्षानुवर्षे एकत्र राहिली, त्यामागे प्रशिक्षकाचे कौशल्य होते, तसे खेळाडूंवरील निर्बंधही होते.

निष्कर्ष

१) निवड पद्धतीने दुर्बल संघास अग्रक्रम दिला, परंतु १९३६ ते १९६८ या काळातील स्टीलर्सचा अनुभव पाहता केवळ अग्रक्रमाने पुनर्बांधणी होत नाही.

२) संघाची बचावफळी प्रामुख्याने नंतरच्या फेऱ्यांतील व दुर्लक्षित महाविद्यालयांतील खेळाडूंमधून उभी राहिली. निवड करण्याचा हक्क सर्वांना होता, मात्र कोठे पाहावे याचे ज्ञान मोजक्यांकडे होते.

३) हे ज्ञान भेदभाव सोसलेल्या समाजाने आपल्या वृत्तपत्रांतून व महाविद्यालयांतून जपलेले होते. संघाने ते मान्य केले, तेव्हाच त्याचा लाभ झाला.

४) पराभवाच्या काळातही धोरण न बदलणारे व्यवस्थापन हा या उभारणीचा आवश्यक घटक होता.

५) बिल नन यांचा २०२१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान दालनात मरणोत्तर समावेश झाला. त्याच वर्षीच्या निवडीत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांतील एकाही खेळाडूचे नाव पुकारले गेले नाही. मोठ्या विद्यापीठांची दारे उघडल्याने व्यक्तींना संधी मिळाली, परंतु ज्या संस्थांनी त्यांना दीर्घकाळ घडविले त्यांच्या वाट्याला पुन्हा उपेक्षा आली. गुणवत्तेची निवड करणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत निवडीच्या नियमांइतकाच शोधाच्या कक्षेचा विचार होणे आवश्यक आहे, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.