दार नसलेली गाडी, मे महिन्यातलं नागपूर

डोकं जरा वाकवा, चौकट बुटकी आहे. आत आलात? कापलेल्या ॲल्युमिनियमचा वास, ग्रीसचा वास, आणि नाक तेज असेल तर त्याखाली मुरलेला घोड्यांचाही. साल १९५७, लंडनच्या उत्तरेकडचा हॉर्न्सी भाग. रेल्वे हॉटेल नावाच्या हॉटेलामागची ही जुनी पागा. हॉटेल वडिलांचं, मुलाने पागेत गाड्या बनवायचा उद्योग मांडला. मुलाचं नाव कॉलिन चॅपमन, उद्योगाचं नाव लोटस.

इथे फार थांबायचं नाही. बाहेर गारठा आहे आणि तुम्ही नागपूरहून सुती शर्टावर आला आहात. फक्त ती खोकी बघून घ्या. त्यांत 'लोटस सेव्हन' नावाची गाडी आहे: चाकं एकीकडे, इंजिन दुसरीकडे, नट-बोल्ट पुडीत. गिऱ्हाइकाने ती घरी न्यायची आणि स्वतः जोडायची. कारण काय, तर तयार गाडीवर सरकारचा जबर कर, सुट्या भागांवर नाही. अट एवढीच की जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. मग यांनी काय करावं? गाडी खोलायची कशी याच्या सूचना दिल्या. गिऱ्हाइकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! तुम्हाला हसू येतंय, पण त्या कागदावर डोकं खाजवत शनिवार-रविवार गॅरेजात घालवणारे आणि सोमवारी काळ्या नखांनी कामावर जाणारे किती तरी निघाले. छप्पर नाही, धड दरवाजा नाही, सामानाला जागा नाही. वजन मात्र इतकं कमी की छोटं इंजिनही तिला उधळून नेतं. सगळं गुपित त्या कमी वजनात.

चला. आता घाम फुटेल.

फुटला? ही २००५ सालची कार्लेखिंड. पेणहून अलिबागला जाताना लागणारी खिंड. एप्रिल चालू आहे. नागपूरच्या उन्हात घाम येतो आणि तिथल्या तिथे उडून जातो; इथे तो येतो आणि मुक्कामालाच राहतो. शर्ट पाठीला चिकटला आहे, मनगटावरच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज सुटली आहे. रस्त्यावरून मुंबईची माणसं भरलेल्या गाड्या अलिबागच्या किनाऱ्याकडे पळताहेत. त्यांतल्या एखाद्याच्याच लक्षात येत असेल की या खिंडीत स्पोर्ट्स कार बनतात.

चिंकारा मोटर्स. गीडो आणि शमा बोथे यांची ही कंपनी, आणि तिचा रोडस्टर म्हणजे मघाशी खोक्यात पाहिलेल्या सेव्हनचा मराठी मुलखात जन्मलेला नातलग. लांबुळकं नाक, उघडी चाकं, मागे दोन माणसांपुरती खोबण. आपल्याकडे स्वतःच्या हिकमतीने गाडी घडवण्याचं वेड नवं नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी 'मीरा' नावाची छोटी गाडी अशीच घडवली होती. पण ती गरिबाच्या कुटुंबासाठी होती. ही निव्वळ चैन. तिच्याबद्दल अपराधी वाटून घ्यायचं असेल तर परतीचं कालयंत्र तिकडे आहे.

थांबताय? मग हातमोजे घाला.

आधी सांगाडा. पोकळ पाइप कापून, कोनात घासून, एकमेकांना भिडवून केलेला पिंजरा. जिकडे बघाल तिकडे त्रिकोण, कारण चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. ग्राइंडर सुरू होतो आणि कानाच्या पडद्यावर कुणीतरी पत्रा ओढतंय असं वाटतं. ठिणग्या पायावर येतात. चपला घालून आला असाल तर ती चूक पुन्हा करणार नाही. "बघू नका!" म्हणून कुणीतरी ओरडतं आणि तेवढ्यात वेल्डिंगचा निळा लखलखाट डोळ्यांत घुसतो. मिस्त्री एका दमात वेल्डिंग करत नाही. आधी सगळीकडे छोटे टाके मारतो, मग टेप घेऊन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उलट्या कर्णावर मोजतो. दोन्ही मापं सारखी आली तरच पुढे. एका बाजूने सलग तापवत गेलं तर लोखंड ओढलं जातं, आणि मग गाडी जन्मभर डावीकडे जायला बघते.

मग अंग. हा वास तुम्हाला घरी गेल्यावरही सोडणार नाही: रेझिनचा, गोडसर, नाकातून थेट कपाळात चढणारा. साच्याला मेण चोळलं आहे, त्यावर रंगाचा जेलकोट, त्यावर फायबरची पांढरी मॅट. ब्रशने रेझिन टोचत टोचत मॅट भिजवायची, मग लोखंडी रोलर फिरवून आतले बुडबुडे काढायचे. एक बुडबुडा राहिला तर पुढे उन्हात तिथेच फोड येणार. मग्यात हार्डनरचे थेंब मोजून टाकावे लागतात. हवा गरम असली की कमी, गार असली की जास्त. तुम्ही गप्पांच्या नादात जरा सैल हाताने टाकलेत. आता तो मग हातात धरून बघा. गरम होतोय. अजून गरम. वाफ निघाली! ब्रश आतच रुतला आणि दगड झाला. शेजारचा पोऱ्या न बोलता दुसरा मग पुढे करतो. संध्याकाळी कोपरापर्यंत अशी खाज सुटेल की झोप लागणार नाही. काचेचे बारीक तंतू ते. गरम पाण्याने धुऊ नका, गारच घ्या.

आणि आता खरी गंमत. इंजिन. साखळीच्या कप्पीवर लोंबकळत ते पिंजऱ्यात उतरतं आहे, तेल लागलेलं, काळपट, चार सिलिंडरचं. ओळखलंत का? तुम्ही नागपूरचे आहात, तुम्ही ओळखायलाच हवं. हे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, जे हिंदुस्थान मोटर्स ॲम्बेसिडरमध्ये बसवत आली. दर डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं, सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर लाल दिव्याच्या पांढऱ्या ॲम्बेसिडरांची रांग लागायची. मागच्या सीटवर पांढरा टॉवेल, त्यावर साहेब, समोर डुलणारी गणपतीची मूर्ती. त्यांतल्या काहींच्या बॉनेटखाली हेच इंजिन घरघरत असायचं. तिथे ते टनभर वजनाचा सरकारी लवाजमा ओढायचं. इथे त्याच्यामागे आहे हा पोकळ पाइपांचा पिंजरा, फायबरचं पापुद्र्यासारखं अंग आणि तुम्ही.

"एक तरी काम मी करतो," असं तुम्ही मिस्त्रीला म्हणालात. त्याने रेडिएटरच्या खालच्या होज पाइपची क्लिप तुमच्याकडे दिली, वर पेचकस. तुम्ही आवळलीत. "अजून दोन आटे," तो म्हणाला. "बस झालं," तुम्ही म्हणालात. हे लक्षात ठेवा.

आता यंत्राला एक विनंती करू. गाडीसकट आपल्याला नागपुरात उतरव. साल तेच, महिना मे, सकाळचे दहा.

बसायचं कसं, तर दार शोधू नका. कडेवरून पाय टाका, सीटवर उभे राहा, मग दोन्ही हातांवर वजन घेऊन पाय पुढच्या बोगद्यात सरकवा. पाठ टेकली? ढुंगण रस्त्यापासून वीतभर वर आहे. हात बाहेर सोडला तर बोटं डांबराला लागतील. सोडू नका, डांबर वितळलं आहे. आपण गाडीत बसलोय असं वाटतच नाही, परातीत बसून घरंगळत निघाल्यासारखं वाटतं. डोक्याला पांढरा पंचा गुंडाळा, खिशात कांदा ठेवा. लू लागू नये म्हणून इथे अजून ठेवतात आणि आज तुम्हालाही त्याची गरज आहे.

सेल मारा. पहिल्यांदा गुरगुर, मग थरथर, आणि ती थरथर सीटमधून माकडहाडात, तिथून दाढेत. क्लच सोडताना सांभाळा. ॲम्बेसिडरची सवय असलेला पाय इथे चालत नाही. सांभाळलं नाहीत ना? मान मागे गेली ना?

सिव्हिल लाइन्समधून निघू. मोठ्या झाडांची सावली आहे तोवर हवा गार, सावली संपली की हातावर झळ, पुन्हा झाड, पुन्हा गार. बंद गाडीत एसी लावून फिरणाऱ्याला हे कधी कळतच नाही की या शहरातलं एकेक झाड किती डिग्री खाली आणतं. तुमची कातडी आज थर्मामीटर झाली आहे. कडुनिंबाचा कडवट वास, मग रसवंतीच्या घुंगरांचा छुमछुम, उसाच्या चोयट्यांचा आंबूस वास, कुठूनतरी तर्री-पोह्यांच्या तर्रीचा तिखट भपकारा. डोळे मिटूनही सांगता येईल आपण कुठे आलो. मिटू नका मात्र.

झिरो माइलचे घोडे मागे टाकून व्हेरायटी चौकात या. इथे तुमची मिजास उतरेल. शेजारी एसटी उभी राहिली आणि तिच्या चाकाचा नट बरोबर तुमच्या खांद्याशी आला. ट्रकच्या धुराचं नळकांडं थेट कानात. ऑटोचा निळा धूर, सायकलरिक्षावाल्याच्या पायाच्या पोटऱ्या, स्कूटीवरच्या मुलीचे फक्त डोळे, कारण बाकी सगळा चेहरा ओढणीत. रस्त्यावरचं कुत्रं तुमच्या डोळ्याला डोळा भिडवून बघतं. सीटचं रेक्झिन तापलंय, स्टिअरिंग तापलंय, पायांशी इंजिनची धग. सिग्नल लाल आहे आणि तो बदलत नाही.

तेवढ्यात गराडा पडतोच.

"काय भाऊ, किती देते?"

जगातली कुठलीही गाडी आणा, नागपूर पहिला प्रश्न हाच विचारतं. फेरारीलाही विचारेल. किती पळते, कोणी बनवली, छत काहून नाही, हे सगळं मागाहून. तुम्ही ठोकून देता, "बारा." गर्दी हळहळते. एकजण बॉनेटवर हात ठेवतो आणि चटका बसून काढून घेतो. दुसरा मागे जाऊन नंबर वाचतो. ट्रॅफिक हवालदार शिट्टी तोंडात ठेवूनच येतो.

"एमएच झीरो सिक्स म्हणजे कुठलं हो?"

"रायगड जिल्हा."

"तिकडे पाऊस पडते म्हणतात लई. अन् गाडीले छत नाही?" तो मान हलवतो आणि हिरवा व्हायच्या आधीच तुम्हाला हात करतो, चौक मोकळा व्हावा म्हणून.

वर्धा रोड. हा रस्ता असा तुम्ही आज बघू शकत नाही, म्हणून नीट बघून घ्या: मेट्रोचे खांब नाहीत, डोक्यावर आजचा पूल नाही, नुसतं पांढरंफटक आभाळ. दुसरा गिअर, तिसरा, चौथा. काटा पन्नासवर आला असेल आणि तुम्हाला शंभरचा भास होतोय, कारण रस्ता तुमच्या मांडीशेजारून वाहतोय. पुढची दोन्ही चाकं उघडी आहेत, ती वर-खाली होताना दिसतात. खड्डा आधी डोळ्यांना दिसतो, मग चाकाला लागतो, मग तुमच्या मणक्याला. वारा तोंडात शिरतो आणि तोंड कोरडं करून जातो. पंचा सुटून मागे फडफडतोय. काहीतरी मोठ्याने ओरडावंसं वाटतंय ना? ओरडा. कुणाला ऐकू येत नाही.

अजनी चौकाच्या आसपास गोडसर वास येतो. मग बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ. तापमानाचा काटा लाल रेघेच्या पार. बंद करा, बाजूला घ्या.

दोन आटे, आठवलं?

निंबाखाली एक गॅरेज आहे: वर ताडपत्री, खाली तेलाने काळी झालेली माती, टेबलफॅन जो लाइट गेल्यामुळे बंद आहे. मिस्त्री उकिडवा बसून मोटारसायकलची चेन काढतोय. तो आधी गाडी बघतो, मग तुम्हाला, आणि त्याचा दोघांवरही विश्वास बसत नाही. तुम्ही रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तोच तो खेकसतो. बारदान्याचा तुकडा पाण्यात बुचकळून झाकणावर टाकतो आणि वाट बघायला सांगतो. पन्ह्याचा ग्लास येतो, गूळ जास्त, मीठ बेताचं. वीसेक मिनिटांनी तो बॉनेट उचलतो आणि तसाच उभा राहतो.

"अबे, हे तं ॲम्बेसिडरचं इंजिन हाय! एटीन हंड्रेड!"

मघापर्यंत तुम्ही परग्रहावरचे होता, आता घरचे झालात. अशी तीन इंजिनं त्याने उतरवली आहेत, एक तर कुण्या आमदाराचं. खालचा होज पाइप निसटून लोंबतोय. तो पाइप परत चढवतो, क्लिप धरतो, पेचकस फिरवतो. दोन आटे. पाणी भरतो, सेल मारतो, कान लावून ऐकतो. "कोणी आवळलं होतं हे?" तुम्ही आभाळाकडे बघता.

"किती झाले?"

"पैशे राहू द्या," तो फडक्याला हात पुसत म्हणतो. "चाबी द्या."

पुढचा प्रवास तुम्ही डाव्या सीटवर बसून करता. त्याने चपला काढून गॅरेजात ठेवल्या आहेत. अनवाणी पायाने तो क्लच असा सोडतो की धक्का लागत नाही. दुसऱ्यात नेऊन तो इंजिन चढू देतो, जिथे तुम्ही गिअर बदलला असता त्याच्याही पुढे, आणि आवाज घरघरीतून गर्जनेत जातो. ॲम्बेसिडरमध्ये त्याने हा आवाज कधी ऐकलेला नाही. तो मोठ्याने हसतो, पान खाल्लेले दात वाऱ्यात उघडे टाकून. छत्रपती चौकात लाल लागतो. शेजारी लुनावर नवरा-बायको, मध्ये पोर, हँडलला भाजीची पिशवी. नवरा वाकून विचारतो, "काय भाऊ, किती देते?"

मिस्त्री तुमच्याकडे बघतही नाही.

"पंचवीस," तो म्हणतो, आणि हिरवा होतो.